मास्तरांच्या ट्रंका: एका जॅझ वादकाचा संग्रह विद्यापीठात पोहोचवताना ठेवलेल्या नोंदी

मास्तर २०१९ साली गेले. क्लॅरिनेट आणि आल्टो सॅक्सोफोन वाजवायचे. वडील कामठीच्या छावणीत बँडमध्ये होते, मास्तर तिथेच स्टाफ नोटेशन (पाच रेघांवर स्वर लिहिण्याची पाश्चात्त्य पद्धत) शिकले. तरुणपणी रेल्वे इन्स्टिट्यूटच्या नाचांना वाजवलं. मग सहा वर्षं मुंबईत हॉटेलांत आणि सिनेमाच्या वाद्यवृंदांत गोव्याच्या वादकांशेजारी खुर्ची मिळाली. परत आले ते नागपुरातच राहिले. दिवसा शिकवण्या, रात्री वराती. मी त्यांच्याकडे नऊ वर्षं क्लॅरिनेट शिकले. काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, संग्रहाच्या सूचीत नाव घालायला परवानगी दिली आहे, इंटरनेटवर नको म्हणाल्या, म्हणून इथे फक्त मास्तर.

मी शाळेत शिकवते, ग्रंथपाल नाही. कुणाच्या घरी अशा ट्रंका असतील तर आमच्या चुका तरी त्यांच्या वाट्याला येऊ नयेत, एवढ्यासाठी हे लिहून ठेवते आहे.

२४ सप्टेंबर २०२३

परवा रात्रीच्या पावसात अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदीचं पाणी वस्त्यांमध्ये शिरलं. काकूंच्या घरात गुडघ्याच्या वर पाणी होतं. मास्तरांच्या तीन पत्र्याच्या ट्रंका पलंगाखाली. दोन पूर्ण बुडाल्या, तिसरी अर्धी.

विद्यापीठाशी बोलणी चार महिने चालू होती. "दिवाळीनंतर बघू" असं ठरलं होतं. मीच पाठपुरावा सैल सोडला. आज चिखल उपसताना तेच डोक्यात होतं.

आत काय निघालं: वाद्यवृंदाचे हाताने लिहिलेले पार्ट (प्रत्येक वाद्याने काय वाजवायचं त्याची वेगळी पानं), अंदाजे ६०० पानं, सुतळीने बांधलेल्या ३१ गठ्ठ्यांत. ११ स्पूल, म्हणजे जुन्या टेपरेकॉर्डरच्या फितीची मोठी रिळं. फोटोंचं एक पाकीट, त्यातले फोटो एकमेकांना चिकटलेले. ६३ कॅसेट मात्र वरच्या फळीवर होत्या, त्यांना पुराचं पाणी लागलं नाही.

ओला कागद उघडा राहिला तर दोन दिवसांत बुरशी धरते, आणि ६०० पानं दोन दिवसांत वाळवणं आमच्याच्यानं होणार नव्हतं. अशा वेळी कागद गोठवतात. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही, सवड मिळते. ओळखीच्या एका आइस्क्रीमवाल्याने डीप फ्रीझर रिकामा करून दिला. पाचपाच पानांमध्ये बटर पेपर घालून, प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून संध्याकाळी सातपर्यंत मावेल तेवढं आत गेलं. स्पूल गोठवायच्या नसतात, त्या बाहेर ठेवल्या.

एक गोष्ट बरी केली. सुतळी सोडण्याआधी प्रत्येक गठ्ठ्याचा फोटो काढला, वरून आणि बाजूने. तेव्हा फक्त "असू द्या" म्हणून काढले होते.

२७ सप्टेंबर

फ्रीझरमध्ये न मावलेली चाळीस पानं घरी पंख्याखाली वाळवली. खाली रद्दीचे पेपर अंथरले. सकाळी पाहिलं तर बातम्यांची शाई उलटी होऊन सहा पानांच्या पाठीवर उमटलेली. ती आता निघत नाही. छापील कागद वापरू नका. टीपकागद घ्या, नाहीतर कोरा न्यूजप्रिंट रीळवाल्याकडून वजनावर मिळतो.

१५ ऑक्टोबर

स्पूल. चिखलाचं पाणी सुकलं की बारीक माती फितीच्या थरांत बसते, आणि मशीनवर चढवली की फीत घासली जाते. म्हणून बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्यात एकेक स्पूल बुडवून धुतली, उभी करून सावलीत वाळवली. ड्रायर नाही, ऊन नाही. एका स्पूलला चार दिवस लागले.

वाळल्यावर प्रत्येक स्पूल ट्यूबलाइटसमोर धरून पाहिली. गुंडाळलेल्या फितीतून उजेड दिसला तर ॲसिटेट, दिसला नाही तर पॉलिएस्टर. सात ॲसिटेट निघाल्या, चार पॉलिएस्टर. पुढे उन्हाळ्यात काय करायचं ते यावरच ठरणार आहे. दोन ॲसिटेट स्पूलना सिरक्यासारखा वास येतो. ती सडण्याची सुरुवात. त्या वेगळ्या डब्यात ठेवल्या, कारण एकीचा वास दुसरीलाही बिघडवतो.

९ डिसेंबर

दर आठवड्याला पन्नास पानं फ्रीझरमधून काढून वाळवत आज संपवली. कॉलेजची दोन मुलं मदतीला येतात, मन लावून करतात.

आम्ही पानं वाद्यांप्रमाणे लावली: क्लॅरिनेट एकीकडे, ट्रंपेट एकीकडे. विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या ताई बघायला आल्या आणि थेट विचारलं, "गठ्ठे कसे होते?" मास्तरांनी ते वाद्यांप्रमाणे बांधलेच नव्हते. एका वरातीला किंवा एका कार्यक्रमाला लागणारं सगळं एका सुतळीत. कशानंतर काय वाजायचं, कुठल्या वर्षी बँडमध्ये किती माणसं होती, हे त्या गठ्ठ्यांवरूनच कळणार होतं. ते आम्ही मोडलं. फोटो होते म्हणून ३१ पैकी २८ गठ्ठे पुन्हा जसेच्या तसे लागले. उरलेल्या तिघांवर "क्रम अनिश्चित" असं स्पष्ट लिहिलं.

१८ जानेवारी २०२४

साफसफाई. गंजलेल्या पिना काढल्या, माती मऊ ब्रशने झटकली. पेनाची शाई बऱ्याच पानांवर पाण्याने पसरून निळे डाग झालेत, काही ठिकाणी स्वर वाचताच येत नाहीत. मुलांनी विचारलं, कडेला पेन्सिलीची गिचमिड आहे, काय करू? मी म्हटलं, मऊ खोडरबरने हलक्या हाताने काढा, डागांचाच भाग दिसतोय. संध्याकाळपर्यंत सात पानं झाली. मग लाइट गेले म्हणून थांबलो.

११ फेब्रुवारी

आज इतवारीतून ट्रंपेटवाले काका आले. वय ८१, मास्तरांच्या बँडमध्ये २२ वर्षं वाजवलं. त्यांना पानं दाखवायला घेतली. साफ न केलेल्या एका पानावर स्वरांच्या डोक्यावर पेन्सिलीने बारीक अक्षरात काहीतरी होतं. आम्ही ते गाण्याचे बोल समजत होतो. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद डोळ्यांजवळ नेला आणि हसले.

"हा तं मास्तरचा टांगा हाये."

आणि टेबलावर दोन बोटांनी वाजवून दाखवलं: टक्‌-ट, टक्‌-ट, टक्‌-ट. घोड्याच्या टापा. कागदावर एका मात्रेतले दोन स्वर (एट्थ नोट्स) एकसारखे लिहिलेले असतात. जॅझमध्ये ते एकसारखे वाजवायचे नसतात. पहिला थोडा लांब, दुसरा आखूड, आणि किती लांब ते लिहून सांगता येत नाही. मास्तरांच्या बँडमधली मुलं महाल-इतवारीतली. त्यांनी अमेरिकेतल्या रेकॉर्डी कधी ऐकलेल्या नव्हत्या, पण सीताबर्डीला टांग्यातून रोज जायची. म्हणून ज्या ओळीवर "टांगा" लिहिलं तिथे तशी लय. जिथे सरळ वाजवायचं तिथे "बैलगाडी". काका सांगत होते, "मास्तर मधातच थांबवे अन्‌ म्हणे, टांग्यात बस बे, बैलगाडी काऊन हाकून राहिला?"

मग मी ती सात पानं समोर ठेवली. काकांनी एकेक पान उलटसुलट करून पाहिलं. बराच वेळ बोलले नाहीत. मग एवढंच म्हणाले, "काऊन पुसलं वं पोरी?"

पुराच्या पाण्याने पेनाची शाई नेली, पण पेन्सिलीला धक्का लावला नव्हता. ग्रॅफाइट पाण्यात विरघळत नाही. पुरातून जे वाचलं होतं ते मी पुसायला सांगितलं. मुलांचा दोष नाही, सूचना माझी होती.

स्टाफ नोटेशनचे स्वर त्या पिढीच्या कुठल्याही अरेंजरने (गाणं वाद्यांना वाटून लिहिणाऱ्याने) लिहिले असते. मास्तरांचं स्वतःचं जे होतं, जॅझ नागपुरी मुलांच्या हाताखाली कसा आणायचा हे, ते सगळं पेन्सिलीत होतं. आज रात्री सगळ्या खोल्यांमधून खोडरबर उचलून आणले.

१२ ते २० फेब्रुवारी

पेन्सिल दाबून लिहिलेली असेल तर अक्षर पुसलं तरी कागदावर खळगी राहते. खोलीत पूर्ण अंधार करायचा, पान सपाट ठेवायचं, टॉर्च पानाच्या पातळीवर आडवी धरायची. उजेड कडेने घसरत आला की खळगीत सावली पडते आणि अक्षर उभं राहतं. कॅमेरा वर स्टँडवर पक्का, टॉर्च घड्याळाच्या आकड्यांसारखी फिरवत प्रत्येक पानाचे आठ फोटो.

पहिले दोन दिवस वाया गेले. मोबाइलच्या टॉर्चचा उजेड फार पसरट होता. सायकलच्या दुकानातली साठ रुपयांची बारीक टॉर्च घेतली, तिच्या तोंडाला काळ्या कागदाची नळी लावली, तेव्हा जमलं.

पाच पानं वाचता आली. तिसऱ्या पानावर "टांगा" आठ वेळा, एका ठिकाणी "टांगा, पण दमलेला". हे कसं वाजवायचं ते काकांनी ट्रंपेट न घेता नुसत्या तोंडाने गाऊन दाखवलं, आम्ही मोबाइलवर रेकॉर्ड केलं. दोन पानांवर काहीच निघालं नाही. ती गठ्ठ्यात सगळ्यात बाहेर होती, पाण्याने कागद फुगला तेव्हाच खळग्या भरून आल्या असणार.

नियम केला: कागदावर काहीही करण्याआधी दोन्ही बाजूंचा स्कॅन. आणि मास्तरांसोबत वाजवलेल्या माणसाने पाहिल्याशिवाय साफसफाई नाही.

हे उलट क्रमाने करायला हवं होतं. न्यू ऑर्लिन्सच्या टुलेन विद्यापीठात १९५८ साली जॅझचा संग्रह सुरू झाला तो म्हाताऱ्या वादकांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करण्यापासून. त्यांनी माणसं आधी गाठली होती. आम्ही पाच महिने कागदांशी झटलो आणि माणसाला सहाव्या महिन्यात बोलावलं. मास्तरांसोबत वाजवलेले चौघेच उरलेत. याच आठवड्यात उरलेल्या तिघांच्या तारखा ठरवल्या.

१६ मार्च

कॅसेट. पुरातून वाचल्या, पण कूलरने गाठल्या. आपल्याकडे उन्हाळाभर खिडकीला पाण्याचा कूलर, आणि मास्तरांची फळी त्याच खोलीत. वर्षानुवर्षं ओलसर वारा खाऊन १९ कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी. बुरशी असलेली कॅसेट डेकवर चढवली तर हेडवरून (फीत वाचणाऱ्या भागावरून) पुढच्या कॅसेटला लागते. त्या वेगळ्या काढून फीत कोरड्या मऊ कापडातून हाताने ओढून घेतली, मास्क लावून, गच्चीवर.

बऱ्याच कॅसेटमधली फितीमागची स्पंजाची गादी गळून पडली होती, त्यामुळे आवाज येतजात होता. स्क्रूवाल्या नव्या कॅसेटचं कवच घेऊन फीत त्यात बसवली. जुन्यांपैकी काही चिकटवून बंद केलेल्या, त्या ब्लेडने फोडाव्या लागतात. एक फोडताना फीत कापली, अडीच सेकंदांचं नुकसान.

मोठा वेळ दुसरीकडे गेला. चौदा कॅसेट डिजिटल करून झाल्यावर लक्षात आलं की सगळ्यांचा आवाज घोंगडीखालून आल्यासारखा बसका आहे. मी वय झालेल्या फितीला दोष देत होते. टेपरेकॉर्डर दुरुस्त करणाऱ्या एका मेकॅनिकने हेडशेजारचा बारीक स्क्रू पाव आटा फिरवला आणि झांजा एकदम लख्ख झाल्या. ज्या मशीनवर रेकॉर्ड केलं त्याच्या हेडचा कोन आणि आपल्या हेडचा कोन जुळला नाही तर वरचे स्वर जातात. प्रत्येक कॅसेटला हा स्क्रू कानाने नव्याने लावावा लागतो. चौदाही पुन्हा केल्या. तीन आठवडे.

फाइल ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह. स्टिरिओच्या एका तासाला साधारण २ जीबी लागतात. एमपीथ्री फक्त ऐकायला.

२० एप्रिल

विद्यापीठाच्या निवड समितीची बैठक. दोन प्रश्न आले.

पहिला, नागपूरचा आणि जॅझचा संबंध काय? मी सांगितलं की सी. रामचंद्र याच शहरात शंकरराव सप्रे यांच्याकडे गाणं शिकले आणि पुढे मुंबईत त्यांनीच हिंदी सिनेमाच्या गाण्यांत स्विंग (जॅझची डुलती लय) रुजवला. गोव्याचे ट्रंपेटवादक चिक चॉकलेट, म्हणजे आंतोनियो झेवियर वाझ, त्यांच्या वाद्यवृंदात होते. त्याच मुंबईतून मास्तर ते वाजवणं घेऊन परत आले.

दुसरा प्रश्न अवघड होता. ६३ पैकी ४० कॅसेट रेडिओवरून उतरवलेल्या आहेत. व्हॉइस ऑफ अमेरिका या अमेरिकी सरकारी रेडिओवर १९५५ पासून विलिस कोनोव्हर जॅझचा कार्यक्रम करायचे, शॉर्टवेव्हवर इथे लागायचा. समितीचं म्हणणं, या प्रसारणाच्या प्रती आहेत, त्या आमच्याकडे कशाला? वगळा.

मी अकरावी कॅसेट लावली. सुरुवातीला नुसती शॉर्टवेव्हची खरखर, आवाज जातो-येतो. दोन मिनिटांनी खोलीतून क्लॅरिनेट सुरू होतं. मास्तर रेडिओसोबत वाजवत आहेत, माइक दोन्ही टिपतो आहे. सिग्नल पार बुडतो तिथे ते थांबत नाहीत, गाणं परत वर येईपर्यंत एकटेच पुढे नेतात. मग स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होते. क्लॅरिनेट क्षणभर गप्प. मग तोच शिट्टीचा स्वर अचूक पकडून मास्तर तिथून खाली चार स्वरांनी उतरतात आणि गाण्यात परत येतात. मागून काकूंचा आवाज: "झालं तुमचं सुरू."

जॅझचा विख्यात ट्रंपेटवादक लुई आर्मस्ट्राँगने घरी केलेल्या साडेसहाशेच्या आसपास स्पूल न्यूयॉर्कच्या क्वीन्स कॉलेजने सांभाळल्या. त्यांतही गप्पा आहेत, सराव आहे, रेकॉर्ड लावून तिच्यावर वाजवणं आहे. त्याही कुणी प्रती म्हणून टाकून दिल्या नाहीत. समितीने चाळीसही ठेवायला होकार दिला.

१९ मे

कडक ऊन. पॉलिएस्टरच्या चारपैकी दोन स्पूल मशीनवर किंचाळतात आणि हेडवर तपकिरी चिकट राळ सोडतात. सत्तरीच्या दशकातल्या काही फितींचं चिकटद्रव्य हवेतलं पाणी शोषून असं होतं. यावर उपाय म्हणजे फीत मंद आचेवर भाजणं, ५४ अंशांवर आठ तास. त्यानंतर काही आठवडे वाजते, तेवढ्यात उतरवून घ्यायची. एकदोघांनी सुचवलं, गच्चीवर ठेवा, नागपूरचं ऊन आहेच. नका ठेवू. उन्हाला स्थिर तापमान नसतं, आणि पत्र्याच्या डब्यात ते कुठवर चढेल सांगता येत नाही.

फळं वाळवायचं मशीन घेतलं. आधी रिकामं चालवून आत वेगळा थर्मामीटर ठेवला. बटणावर ५५, आत ६३! तसंच स्पूल घातली असती तर गेली असती. खालच्या आकड्यावर आणून दोन तास तपासलं, मग एकेक करून स्पूल घातल्या. दोन्ही नीट वाजल्या. ॲसिटेटच्या सातांना हे कधीच करायचं नाही, त्या ठिसूळ होऊन तुटतात. आधी ट्यूबलाइटसमोर धरून पाहण्याचा उपयोग इथे झाला.

२२ जून

देणगीपत्र. पहिल्या मसुद्यात सगळे हक्क विद्यापीठाकडे जात होते आणि कुटुंबाला स्वतःसाठी प्रत मिळण्याचीही तरतूद नव्हती. काकू सही करायला निघाल्या होत्या. ओळखीच्या वकिलांनी थांबवलं. वस्तू देणं वेगळं, हक्क देणं वेगळं. संगीतरचनेचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं असतो, म्हणजे मास्तरांच्या स्वतःच्या २३ रचनांचा हक्क काकूंकडे आहे, तो त्यांच्याकडेच ठेवला. सिनेमाची गाणी आणि रेडिओ यांचे हक्क इतरांचे, ते फक्त ग्रंथालयात बसून ऐकता येईल. दोन महिने उशीर झाला, पण हे बरं झालं.

१० ऑगस्ट

आजवरचा खर्च, रुपयांत. जुनं स्पूल मशीन १८,०००, त्याची दुरुस्ती ६,५००. कॅसेट डेकची दुरुस्ती ४,२००. दोन हार्ड डिस्क १२,०००. आम्लविरहित खोकी आणि कागद ९,३००. फळं वाळवायचं मशीन ५,४००. किरकोळ ३,१००. एकूण ५८,५००. जुन्या विद्यार्थ्यांनी वर्गणी काढली. श्रमाचे तास मोजले नाहीत.

खोकी जुलैच्या पहिल्या आठवड्यात पोहोचवली. आज सहज गेले तर ती व्हरांड्यात, खिडकीच्या झडीत. पाच आठवडे. खालचं खोकं दमट झालं होतं, कागदापर्यंत ओल गेली नव्हती. पोच घेताना "कुठे ठेवणार" हे लेखी घ्या, आणि पहिल्या महिन्यात दर आठवड्याला जा. ग्रंथालयातल्या ताईंनी स्वतः उभं राहून सगळं आतल्या खोलीत हलवलं. फाइलींचा एक संच विद्यापीठात, एक माझ्याकडे, एक पुण्याला मास्तरांच्या पुतणीकडे. दर महिन्याला चेकसम (फाइल जशीच्या तशी आहे का हे दाखवणारा आकडा) पडताळते.

८ सप्टेंबर

सूचीत विषय म्हणून "टांगा" हा शब्द घातला, "बैलगाडी"ही घातला. त्याखाली काकांच्या मुलाखतीतला तो टेबलावरचा तुकडा जोडला, म्हणजे पान उघडणाऱ्याला लय ऐकूही येईल.

कोऱ्या राहिलेल्या दोन पानांचा प्रश्न होता. त्यातली एक रचना चौथ्या स्पूलवर सापडली. काकांना हेडफोन लावून ऐकवली. दुसऱ्यांदा लावायला सांगितली, मग पेन्सिल मागितली. मूळ पान मी त्यांच्या हाताशी ठेवलंच नाही, त्याची झेरॉक्स दिली. त्यांनी ओळीओळीवर "टांगा" लिहिलं, एका ठिकाणी खोडून "बैलगाडी" केलं, डोकं हलवलं, परत "टांगा" केलं. सोळाव्या मात्रेवर थांबले. "इथं काय म्हणे तो, मले याद नाही येऊन राहिलं."

ती जागा रिकामी ठेवली. झेरॉक्सवर काकांचं नाव आणि आजची तारीख घातली, मास्तरांचं हस्ताक्षर नाही असं ठळक लिहिलं, आणि वेगळा दाखल क्रमांक दिला. दुसऱ्या पानाची रचना अजून कुठल्या फितीवर मिळालेली नाही. ऐकायच्या सहा कॅसेट बाकी आहेत.